ओवाळणीत मागितलेला फोन

शुक्रवार, ५ सप्टेंबर

ही वही उत्तरेश्वरनं दिली. वर सोनेरी पंखांचा छाप हाय, आत सगळी कोरी पानं. म्हणला, "आक्का, मी माझ्या नोकरीचं पुस्तक लिहायला घेतलंय. पर लहानपणाचं मला काही आठवत न्हाई. ते तुझ्यापाशी हाय, तू लिहून ठेव." मी म्हणलं, "अरं बाबा, माझी तिसरी झाली, ती बी अर्धी." म्हणला, "अर्धी कावून?" म्हणलं, "तुझ्यापायीच. आई-बाप कोयता घेऊन कारखान्यावर गेले, तुला कडंवर कोण घेणार?" एवढा मोठा एअर मार्शल, दिल्लीला ज्याच्या दारात शिपाई सलाम ठोकायचे, तो माझ्या चुलीपाशी पाटावर बसून गप.

तर लिहिते. आधी आजचं लिहिते, मागलं आठवंल तसं.

आज माझ्यासारखी सुखी म्हातारी घाटनांदूरात दुसरी नसंल. भाऊ आला, आन तो बी दिवाळीपतोर ऱ्हायला. त्याची बायको डेहराडूनची, तीन वर्षांमागं वारली. ल्योक अमेरिकेत. पुण्याच्या फ्लॅटात भिंती बघत बसण्यापरीस आक्काच्या हातची भाकर बरी, असं मी कवाची म्हणत व्हते, आता त्याच्या डोस्क्यात शिरलं. अडुसष्ट वर्षांचा माणूस, पुण्याहून एकटा गाडी हाकत आला. रेल्वे फाटकापाशी त्यानं माझ्या अजिनाथचं घर विचारलं तर एक जण म्हणला, "बिनफोनचे मार्शल तुमीच का?" उत्तरेश्वर म्हणला, "मीच."

हे बिनफोनचं सांगायला पायजे. हवाई दलात त्यानं चाळीस वर्षं काढली, पर आपल्या मुलखाच्या एका पोरासाठी कुणाला फोन केला न्हाई. भरतीची पोरं दिल्लीला त्याच्या बंगल्यावर जायची. तो त्यांना जेवू घालायचा, पळायचे बूट घेऊन द्यायचा, पहाटं उठवून स्वतः संगं पळायचा. पर "साहेब, तेवढा एक फोन" म्हणलं की हात जोडायचा. माझ्या अजिनाथची उंची दीड सेंटिमीटर कमी भरली, तवाबी न्हाई केला. अजिनाथ त्याला मामा म्हणतो, पाया पडतो, पर पाया पडताना पाठ पुरी वाकत न्हाई त्याची. मी आई हाय, मला दिसतं.

आन देवाचं करणं बघा, त्याच अजिनाथची लेक शिवकन्या विमान चालवायच्या परीक्षेत पास झाली. पाच दिवस मुलाखत चालली, ती बी पार पडली. आता फकस्त दिल्लीला डाक्टरी तपासणी. सोमवारी निघायचं हाय.

दिवस कलल्यावर ती अंगणात दोरीवरच्या उड्या मारत व्हती, बिनबाह्यांचा बनियन घालून. मी तिला जवळ बोलावलं आन तिचा उजवा दंड उत्तरेश्वरपुढं केला. म्हणलं, "बघ, काय हाय ओळख." ती चार वर्षांची असताना मी तिला जत्रंत नेऊन गोंदणारणीपुढं बसवलं व्हतं. बाकीच्या बाया पोरींच्या दंडावर विंचू काढत्यात, तुळस काढत्यात. मी म्हणलं, मला इमान काढून दे, पोरीचा मामाआजोबा इमान चालवतो. त्या बाईनं बापजन्मी जवळून इमान बघितलं नव्हतं, त्यामुळं ते थोडं मासळीवाणी झालं, पर शेपटावरून कळतं. पोर लई रडली. मी म्हणलं, रड, पर उडशील.

उत्तरेश्वरनं चष्मा लावला. दंड हातात धरून लई वेळ बघितलं. म्हणला, "आक्का, हे पुसत न्हाई का?" मी म्हणलं, "गोंदण पुसतं व्हय? मेल्यावर संगं येणारा एवढाच दागिना." तो जेवला अर्धीच भाकर. त्याला भरून आलं असंल.

सोमवार, ८ सप्टेंबर

शिवकन्या गेली. अजिनाथ तिला परळीपतोर सोडायला गेला. निघताना ती आन उत्तरेश्वर लिंबाखाली लई वेळ बोलत उभे व्हते. मी दही-साखर घेऊन गेले तर दोघं बी गप झाले. पोरीचा चेहरा उतरलेला. मी म्हणलं, "काय सांगितलंस रं तिला?" म्हणला, "खरं बोल एवढंच सांगितलं." आता खरं बोलायचं शिकवावं लागतं का तिला?

त्याच्या पुस्तकासाठी एक आठवलं. तेलगावजवळ आमचं माहेर. तिथल्या मास्तरानं उत्तरेश्वरचा सातारच्या सैनिकी शाळेचा अर्ज भरला. पेपर बीडला व्हता. आई-बाप उसावर. मी सोळाची, नवी सासुरवाशीण, सासूला सांगितलं दात दुखतो, बीडच्या डाक्टरला दाखवते. पोराला यष्टीत घातलं आन नेलं. पुढं तोंडी परीक्षेला एका मोठ्या मिशीवाल्या साहेबानं विचारलं, "वडील काय करतात?" हा म्हणला, "साखर कारखाना चालवतात." साहेब म्हणला, "म्हणजे मालक?" हा म्हणला, "न्हाई, ऊस तोडतात. त्यांनी तोडला न्हाई तर चालंल का कारखाना?" साहेब हसला, आन ह्याचं काम झालं.

घरी आले तर सासूनं विचारलं, दात काढला का? मी म्हणलं, काढला. मग आठ दिवस एका बाजूनंच जेवले.

गुरुवार, १८ सप्टेंबर

दिल्लीहून फोन आला. आधी शिवकन्या उत्तरेश्वरशी बोलली. तो नुसता "हं, हं" करत व्हता. मग म्हणला, "तू खरं सांगितलंस ना? मग बस." मग तिची आई सत्यशीला बोलली, आन तिनं पदर तोंडाला लावला. शेवटी माझ्याकडं फोन दिला. पोर म्हणली, "आजी, थोडं अडकलंय. किरकोळ हाय. बेचाळीस दिवसांनी परत तपासत्यात."

"कशात अडकलं?"

"मेडिकलमधी."

"अगं मेडिकलमधी म्हणजे काय? डोळे? छाती?"

"किरकोळ हाय आजी."

मला कळलं. वजन कमी भरलं असणार. किती दिवस सांगते, ते कच्चे मूग खाऊन अंगाला काही लागत न्हाई. आजच डिंक आणायला सांगितला. बेचाळीस दिवसांत तिला अशी भरवते की तपासणारा डाक्टर म्हणंल, ही कोण आली.

अजिनाथनं फोन ठेवल्यावर मामाकडं बघितलं. मामानं खाली बघितलं.

शनिवार, २० सप्टेंबर

दुपारी मळ्यात भेंडी तोडायला गेले. उत्तरेश्वर विहिरीपलीकडं फोनवर बोलत उभा. पाठ माझ्याकडं. आन उभा कसा, तर ताठ, टाचा जुळवलेल्या, मोकळा हात मांडीला चिकटलेला. पंप चालू व्हता म्हणून धड ऐकू येत नव्हतं. त्यांच्या घरात हिंदीच, बायकोमुळं. "हाँ बेटा" म्हणला. मग, "नहीं, तुम अपनी जगह सही हो, नियम तो नियम है." मग लई वेळ ऐकत राहिला. मग म्हणला, "ग़लती मेरी है, मुझे पूछना ही नहीं चाहिए था. बस, बच्ची को पता न चले कि मैंने फ़ोन किया था."

फोन खिशात घातला आन तसाच उभा राहिला. मग बांधावर खाली बसला, गडी दमून बसतो तसा.

मला काय कळायचं राहिलं? अमेरिकेतल्या पोराला दिवाळीला ये म्हणला असंल. तिकडं रजंचे नियम कडक. पोरगा न्हाई म्हणला, आन तिकडच्या नातीला कळलं तर ती रडंल म्हणून तिला सांगू नको म्हणतो. स्वतःच्या पोराला विचारल्याची लाज वाटावी माणसाला, काय दिवस आलेत. आन पोराशी बोलताना कोण असं सावधान उभं राहतं? पर त्याची सवय जुनी.

मी पुढं गेले तसा दचकला. "आक्का, कवा आलीस?"

"आत्ताच."

"काही ऐकलंस?"

"ऐकलं. पोराचं काय मनाला लावून घेतो. येतील पुढल्या साली."

तो माझ्याकडं बघत राहिला. म्हणला, "हो. पोराचंच." जेवला न्हाई आज. पोट बिघडलंय म्हणला.

सोमवार, २२ सप्टेंबर

घट बसले. शिवकन्या काल आली. सकाळी भगवानराव आले. इथं पंचायत समितीपासून कारखान्यापतोर त्यांचा शब्द चालतो. खुर्चीत बसायच्या आत म्हणले, "मार्शलसाहेब, पोरगी अडकली म्हणं. लावा की एक फोन."

उत्तरेश्वर म्हणला, "तसं चालत न्हाई तिथं."

"साहेब, आमच्याकडं ग्रामसेवकाची बदली फोनवर हुती, शाळेला वर्ग फोनवर मिळतो. परवा एक म्हैस सापडत नव्हती, ती बी फोनवर सापडली. आन तुमी एवढे मोठे, तुमच्या हाताखाली शिकलेली माणसं आज तिथं बसली असतील."

"बसलीत."

"मग?"

"माझ्या हाताखाली शिकलीत, म्हणूनच चालत न्हाई."

भगवानरावांनी माझ्याकडं बघितलं. "सुभद्राकाकू, तुमचा भाऊ लई मोठा माणूस. एवढा मोठा, की त्याची सावली बी आपल्यावर पडत न्हाई." म्हणले, मीच मुंबईत कुणाला तरी सांगतो. उत्तरेश्वर उठून उभा राहिला, "भगवानराव, तुमी फोन केला तर पोरीला परत तपासणीला मीच जाऊ देणार न्हाई." असा आवाज मी त्याचा कवा ऐकला नव्हता. भगवानराव चहा अर्धा ठेवून गेले.

ते गेल्यावर अजिनाथ दारातून म्हणला, "मामा, मला दीड सेंटिमीटर कमी व्हतं. मी काही म्हणलं न्हाई. आज वीस वर्षं टेंपो चालवतो, काही म्हणलं न्हाई. पर हिचं जर वाटोळं झालं तर मी तुमाला मामा म्हणणार न्हाई."

उत्तरेश्वर म्हणला, "नको म्हणू."

नवरात्राचा पहिला दिवस, आन घर असं. माझा भाऊ हाय, पर मला बी राग आला. एक फोन. जीभ झिजती का?

शुक्रवार, २६ सप्टेंबर

लई पाऊस. कापूस झाडावरच भिजला.

काल उत्तरेश्वर, सत्यशीला आन शिवकन्या गाडीतनं बीडला गेले. कागदपत्रं करायची म्हणले. संध्याकाळी आले तर पोरीच्या उजव्या दंडाला जाड पट्टी. मी म्हणलं, "हे काय?" सत्यशीला म्हणली, "यष्टी स्टँडापुढं गरम तेल उडालं वड्याच्या गाड्यावर." शिवकन्या म्हणली, "न्हाई आजी, रिक्षाचा पत्रा लागला." दोघी एकदमच बोलल्या. म्हणलं, तेल का पत्रा? शिवकन्या म्हणली, "आधी तेल, मग पत्रा."

मला हसू बी आलं आन वाईट बी वाटलं. एका दिवसात दोन अपघात. पोरीला दृष्ट लागली, दुसरं काही न्हाई. मीठ-मोहऱ्या उतरून टाकल्या. बरं झालं पट्टी इमानावरच हाय, जखम भरली की खाली इमान तसंच निघंल.

डिंकाचा लाडू दोन्ही टायमाला देते. निमूट खाते.

मंगळवार, ७ ऑक्टोबर

पट्टी निघाली म्हणं, पर पोर पूर्ण बाह्यांचे झगे घालते. म्हणलं, दाखव जखम. म्हणली, दिवाळीनंतर.

उत्तरेश्वर पुस्तक लिहीत बसतो. आज त्याला विचारलं, "तुझी पाठ मोडली तवाचं लिहिलं का?" ते मी लिहिते. राजस्थानात त्याच्या विमानाचं इंजिन बंद पडलं, हा छत्री घेऊन उडी मारून वाळूत पडला. पाठीचा मणका दबला. दवाखान्यात उंची मोजली तर एक इंच कमी. मी भेटायला गेले, म्हणलं, बाबा रं, आता बास, खुर्चीवरची नोकरी घे. तवा म्हणला, "आक्का, परत चालवायची परवानगी मागतोय. मोठ्या साहेबाला सांगून लवकर मिळंल म्हणतात, पर तपासणीच्या रांगेत उभा राहूनच घेईन." अकरा महिने रांगेत राहिला. अकरा महिने दर महिन्याला नापास. बाराव्याला पास.

मी म्हणलं, "तुझ्या वेळेला तुझी उंची कमी झाली तरी पास झालास. अजिनाथची दीड सेंटिमीटरच कमी व्हती."

तो कागद गोळा करायला लागला. बोलले खरी, पर मग चूल फुंकताना डोळ्यांत पाणी आलं. धुराचं असंल.

अजिनाथनं आज मला बाजूला घेतलं. "आई, तू माग. भाऊबीजेला ओवाळणीत माग. ताटातलं मागणं भाऊ नाकारत न्हाई. तू आयुष्यात काही मागितलं न्हाई त्याला."

खरं हाय, न्हाई मागितलं.

गुरुवार, २३ ऑक्टोबर, भाऊबीज

आजच लिहिते, न्हाईतर उद्या मला मीच खोटं सांगीन.

सकाळी उत्तरेश्वरला तेल लावलं, उटणं लावलं, लहानपणी लावायचे तसं. पाटावर बसला, डोक्यावर टोपी. मी ताट घेतलं, कुंकू लावलं, अक्षता लावल्या. दिवा लावला आन ओवाळायच्या आधीच म्हणलं, "बाबा, ह्या साली साडी नको मला. एक मागते."

"माग की आक्का."

"शिवकन्येसाठी एक फोन कर."

अजिनाथ दाराला टेकून उभा. उत्तरेश्वरनं माझ्या तोंडाकडं बघितलं न्हाई, दिव्याकडं बघितलं.

"दुसरं काहीही माग, आक्का. पुण्याचं घर माग."

"मला घर हाय. फोन मागते ती मी न्हाई, ती तिसरी अर्धी सोडलेली पोर हाय. तिनं आजपतोर काही मागितलं न्हाई."

त्याचं तोंड असं झालं की मला वाटलं आता हा बोलंल. ओठ हलले बी. पर म्हणला, "न्हाई होणार."

मी ताट खाली ठेवलं. न ओवाळता. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा. अजिनाथ म्हणला, "बघितलंस आई?" सत्यशीला रडायला लागली. तवा शिवकन्या मधी आली आन म्हणली, "बाबा, बस करा. आजी, तू बी. मामाआजोबा कुणाला काय सांगतील फोनवर? चूक तपासणीची न्हाईच."

आन तिनं बाही वर केली. दंडावर इमान न्हाई. तिथं बोटाएवढा लाल, गुळगुळीत वण.

"दंडावर गोंदण चालत न्हाई, आजी. रिवाजाचं म्हणून मी अर्जात लिहिलं व्हतं, मला वाटलं चालंल. ती सूट आदिवासींनाच हाय, आपल्या समाजाला लागू न्हाई म्हणले. मग बीडला डाक्टरनं तेवढं कातडं काढून टाके घातले. तुला आन बाबांना सांगू नका म्हणून मीच आईला आन मामाआजोबांना शपथ घातली."

मी खाली बसले. किती वेळ बसले काय माहीत. मला आठवत व्हतं पोर कशी माझ्या मांडीत पाय झाडत रडली व्हती, आन मी तिचा हात घट्ट धरला व्हता. आन महिनाभर मी कुणावर रागावले, तर ह्याच्यावर.

अजिनाथ बी मला बघत व्हता.

उत्तरेश्वर पाटावरच बसलेला. म्हणला, "आक्का, ओवाळ. पाय दुखायला लागले."

ओवाळलं. तेल सांडलं त्याच्या धोतरावर.

शुक्रवार, २४ ऑक्टोबर

शिवकन्येला म्हणलं, "मला माफ कर." म्हणली, "आजी, लाडू दे." दिला.

उत्तरेश्वरला म्हणलं, "तुला पहिल्या दिवशीच कळलं व्हतं ना?" म्हणला, "हो." म्हणलं, "मग मला कावून न्हाई बोललास? महिनाभर माझं बोलणं खाल्लंस." म्हणला, "तू माझ्यासाठी सासूला खोटं बोललीस. आठ दिवस एका बाजूनं जेवलीस."

गुरुवार, ३० ऑक्टोबर

आज फेरतपासणी. अजिनाथ पोरीसंगं दिल्लीला गेलाय. मी उत्तरेश्वरला म्हणलं व्हतं, तू जा, तुला तिथली माहिती हाय. म्हणला, "मी तिथं नुसता दिसलो तरी तो फोनच झाला."

मग आमी दोघं घरी. सकाळी तो गाडी धुवायला लागला. धुतलेली गाडी परत धुतली. मी ज्वारी निवडली, मग निवडलेलीच निवडली. दुपारी सत्यशीला म्हणली, जेवा. कुणी जेवलं न्हाई. वण राहिला तर चालतो का, असं मी त्याला चार वेळा विचारलं. तीन वेळा म्हणला, "बहुतेक." चौथ्यांदा म्हणला, "मला माहीत न्हाई, आक्का."

चारला फोन वाजला. सत्यशीलानं उचलला आन काही न बोलता माझ्या हातात दिला. अजिनाथ व्हता. पहिल्यांदा नुसता श्वास ऐकू आला. मला वाटलं, गेलं. मग म्हणला, "आई, झाली. पास झाली. वण चालतो म्हणले." मग म्हणला, "मामाला दे."

मी दिला. मामा ऐकत राहिला. शेवटी एवढंच म्हणला, "आरं, रडतो काय टेंपोवाल्या."

मी चुलीपुढं गेले आन सगळ्यांत आधी कुणालाच दिसणार न्हाई असं नाचले. एक गिरकी. गुडघा धरला, पर नाचले.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

काल मंदिरापुढं शिवकन्येचा सत्कार झाला. भगवानरावांनी मंडप घातला, स्वतःचा फोटो पोरीच्या फोटोपेक्षा मोठा लावला. भाषणात म्हणले, "आपण सगळ्यांनी प्रयत्न केले." कुणी काय केले, देवाला माहीत.

मग म्हणले, आजीनं दोन शब्द बोलावे. मी कवा माईक धरला नव्हता. उभी राहिले आन म्हणलं, "सगळे माझ्या भावाला बिनफोनचा मार्शल म्हणून हसतात. मी बी भाऊबीजेला त्याच्यावर रुसले. आज सगळ्यांपुढं सांगते. घरची पोर अडली, बहिणीनं ओवाळणीत मागितलं, भाच्यानं नातं तोडलं, तरी माझ्या भावानं फोन उचलला न्हाई. चाळीस वर्षांचा नेम त्यानं मोडला न्हाई. म्हणून माझी नात कुणाच्या उपकारात न्हाई." टाळ्या थांबंनात. अजिनाथनं सगळ्यांदेखत मामाच्या पायावर डोकं ठेवलं, आन ह्या वेळेला पाठ पुरी वाकली. मी बघितलं.

उत्तरेश्वर स्टेजवर आपल्या बुटांकडं बघत बसला. आधीपासून लाजाळू.

आज तो पुण्याला जाणार. सकाळी भाकर खाताना म्हणला, "आक्का, कालचं ते फोनचं, ते कुठं सांगत जाऊ नको. वहीत लिहिलं असशील तर माझ्या पुस्तकात येणार न्हाई ते."

म्हणलं, "कावून? खरं हाय ते. मी तर तेलगावला जाऊन बी सांगणार. भगवानराव पुढल्या निवडणुकीपतोर विसरणार न्हाईत."

तो भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून म्हणला, "समज, एखाद्यानं आयुष्यभर कुणाला फोन केला न्हाई. आन म्हातारपणी एकदा केला. आन समोरचा न्हाई म्हणला. तर त्याला तू काय म्हणशील?"

मी म्हणलं, "काय म्हणणार? तेल बी गेलं, तूप बी गेलं, हाती धुपाटणं आलं."

तो हसायला लागला. आधी गप्पगप्प, मग खांदे हलायला लागले, मग मोठ्यानं. चष्मा काढून डोळे पुसले आन परत हसला. सत्यशीला बाहेर आली, काय झालं म्हणून. मला बी हसू आलं, एवढं हसण्यासारखं मी काय बोलले ते मला कळलं न्हाई तरी. बायको गेल्यापासून तो असा हसलेला मी बघितला नव्हता. म्हणला, "आक्का, बरोबर बोललीस. अगदी बरोबर."

मी त्याला आणखी एक भाकर वाढली. त्यानं ती सगळी खाल्ली.